शिक्क्यांच्या गावातला दुकानदार

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या नोलहिल भागात, डेव्ही ॲव्हेन्यूवर ‘काइटमार्क कोर्ट’ नावाची इमारत आहे. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, म्हणजे बीएसआय, या संस्थेचं प्रमाणपत्रं देण्याचं काम अनेक वर्षं याच पत्त्यावरून चालत आलं. १९०१ साली इंजिनिअरांची एक समिती नेमली गेली. ट्रामच्या रुळांचे पंच्याहत्तर आकार होते, ते तिने पाचावर आणले. १९०३ पासून तिचा काइटमार्क हा शिक्का मालावर उमटू लागला आणि पुढे त्याच समितीची बीएसआय झाली. आपल्याकडच्या कारखान्यांच्या फाटकावर मिरवणाऱ्या आयएसओ ९००१ चं मूळही बीएसआयच्याच १९७९ च्या मानकात आहे. याच शहराच्या शेनली लॉज भागात १९८६ मध्ये ‘एनर्जी वर्ल्ड’ प्रदर्शनासाठी घरं बांधली गेली. नगर विकास महामंडळाने त्यांचा ऊर्जाखर्च मोजायला एक निर्देशांक बनवला आणि घरांच्या राष्ट्रीय ऊर्जा मानांकनाची वाट तिथून निघाली. शहराचं भूषण असलेल्या ओपन युनिव्हर्सिटीची कल्पना मांडणाऱ्यांत मायकेल यंग पुढे होते. १९५७ मध्ये ‘विच?’ मासिक काढणारी कन्झ्युमर्स असोसिएशन उभी केली तीही त्यांनीच.

थोडक्यात, ग्राहकाला भरवसा देणाऱ्या यंत्रणेचे बरेच धागे १९६७ मध्ये कोऱ्या कागदावर आखलेल्या या गावातून जातात. २०२१ च्या जनगणनेत इथली वस्ती सुमारे २ लाख ८७ हजार होती आणि २०२२ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. वोल्व्हर्टन, ब्लेचली किंवा किल्न फार्मच्या गाळ्यांत छोटा धंदा करणाऱ्याशी या यंत्रणेबद्दल बोलायला बसलात तर तासभर उठू देणार नाही. त्याचं गाऱ्हाणं साधारण तीन वाक्यांत मावतं. शिक्क्यांचे पैसे मी भरतो. तक्रार झाली की मी आरोपी. आणि मला कोणी फसवलं तर ऐकायला कोणी नाही.

यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे, दुसरं बरंचसं खरं आहे आणि तिसरं सगळ्यात कमी बोललं जातं.

शिक्क्यांपासून सुरुवात करू, कारण सगळे शिक्के एका माळेचे मणी नाहीत. गॅसचं काम करणाऱ्याला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय बॉयलरला हात लावता येत नाही. १९६८ मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट इमारतीत गॅसचा स्फोट झाला आणि मजल्यांचा एक कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. त्यानंतर १९७० मध्ये कॉर्गी ही संस्था आली आणि १ एप्रिल २००९ पासून तिची जागा गॅस सेफने घेतली. इथे कुरकुर फीची असते, गरजेची नसते. इलेक्ट्रिशियनचा प्रश्न जरा निराळा. २००५ पासून घरातलं बरंचसं वायरिंग इमारत नियमांखाली आलं. नोंदणीकृत असाल तर स्वतःच्या कामाला स्वतः दाखला देता येतो, नसाल तर दर कामाला कौन्सिलकडे जा. सोलर पॅनेल आणि हीट पंप बसवणाऱ्याची गत सगळ्यात बिकट. अशा उपकरणांसाठीच्या एमसीएस या योजनेचं प्रमाणपत्र नसेल तर ग्राहकाला हीट पंपाचं सरकारी अनुदान मिळत नाही आणि ग्रिडला विकलेल्या विजेचे पैसे मिळवतानाही अडतं. एमसीएससाठी अनेक वर्षं एखाद्या मान्यताप्राप्त ग्राहक संहितेचं सभासदत्व लागत आलं, शिवाय विजेच्या कामाची वेगळी नोंदणी, शिवाय काही सरकारी योजनांसाठी ट्रस्टमार्क. दोन माणसं आणि एक व्हॅन एवढ्यावर धंदा करणाऱ्याला दरवर्षी वेगवेगळ्या लोकांकडून जवळजवळ त्याच फायली तपासून घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक जण वेगळं बिल पाठवतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. माझ्या मते या क्षेत्रातला संताप पूर्ण रास्त आहे. नियम कडक आहेत म्हणून नव्हे. एकच गोष्ट चार जण तपासतात आणि काम बिघडलं की चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात म्हणून.

आता खाण्याच्या धंद्याकडे येऊ. मराठी मंडळींचा या यंत्रणेशी संबंध बहुतेक वेळा इथेच येतो. दिवाळीच्या आधी फराळ, गणपतीत मोदक, एरवी शनिवार-रविवारचे डबे. घरच्या ओट्यावर सुरू झालेला हा धंदा कायद्याच्या लेखी पूर्ण धंदाच आहे. सुरू करण्याच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करायची. तिला फी नाही आणि कौन्सिलला ती नाकारताही येत नाही. मग एके दिवशी अधिकारी येतात.

ते काय बघतात हे नीट समजून घ्यावं, कारण निम्मे गैरसमज इथेच होतात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१० पासून चाललेल्या फूड हायजीन रेटिंगमध्ये तीन गोष्टींना गुण असतात आणि गुण जितके कमी तितकं चांगलं. पहिली गोष्ट अन्न हाताळण्याची पद्धत. दुसरी जागेची स्थिती. तिसरी व्यवस्थापनावरचा विश्वास, म्हणजे आजची स्वच्छता उद्याही राहील याची अधिकाऱ्याला वाटणारी खात्री. पहिल्या दोहोंत ० ते २५ आणि तिसरीत ० ते ३० गुण. बेरीज १५ च्या आत आणि कुठल्याच रकान्यात ५ च्या वर नाही, तर दारावर लावायला ५ चा हिरवा-काळा स्टिकर. ग्यानबाची मेख दुसऱ्या अटीत आहे. ओटा आरशासारखा लखलखीत आहे, फ्रीजचं तापमान बरोबर आहे, पहिल्या दोन रकान्यांत शून्य आहे, पण कागद नाहीत म्हणून तिसऱ्यात २० पडले, तर बेरीज २० असूनही रेटिंग ४ मिळत नाही, १ मिळतं.

हे कागद म्हणजे बहुधा ‘सेफर फूड, बेटर बिझनेस’ ही फूड स्टँडर्ड्स एजन्सीची वही. भात शिजवून किती वेळात गार केला, परत गरम केलेला रस्सा आतपर्यंत उकळला की नाही, आज उघडताना आणि बंद करताना काय तपासलं, सगळं लिहून खाली सही. वीस वर्षं पंगती वाढलेल्या बाईला हे अपमानास्पद वाटतं. ‘माझ्या हातचं खाऊन कधी कोणाचं पोट बिघडलं नाही,’ हे उत्तर तिच्या ओठावर असतं आणि ते खरंही असतं. पण रेटिंग कालपर्यंतच्या पोटांचं नसतं.

दिवाळी मेळ्यातल्या टेबलावर आधीच बांधून ठेवलेली चिवड्याची एक पुडी घ्या. ब्रिटिश कायद्यात ॲलर्जीचे १४ पदार्थ नाव घेऊन सांगितलेले आहेत. या पुडीत शेंगदाणे आहेत, तो एक. काजू आहेत, ते कवचफळांत. तीळ आहेत. फोडणीत मोहरी आहे, आणि मोहरीही त्या चौदांत आहे हे आपल्याकडच्या निम्म्या स्वयंपाकघरांना पहिल्यांदाच कळतं. शिवाय हिंग. डबीवरची बारीक अक्षरं वाचलीत तर बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लूटेन. पातळ पोह्यांचा निरुपद्रवी चिवडा, आणि चौदांपैकी पाच त्यात. २०१६ मध्ये नताशा एडनन-लापरूस ही पंधरा वर्षांची मुलगी तीळ असलेला बॅगेट खाऊन गेली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता आणि तेव्हाच्या नियमांत तो असण्याची सक्तीही नव्हती. १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आधी बांधलेल्या पुडीवर सगळे घटक लिहिणं आणि ॲलर्जीचे पदार्थ ठळक करणं बंधनकारक झालं. लेबल छापायला लागणाऱ्या पाच मिनिटांबद्दल कुरकुर करणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

अपीलाच्या बाबतीत तर ही योजना बाकी सगळ्यांपेक्षा सरस आहे, आणि दुकानदार मंडळी नेमकं हेच विसरतात. रेटिंग पटलं नाही तर २१ दिवसांत अपील करता येतं, आणि ते ज्यांनी तपासणी केली त्यांच्यापुढे चालत नाही. आपली बाजू मांडणारं उत्तर रेटिंगशेजारी प्रसिद्ध करून घेता येतं. सुधारणा केल्यावर परत तपासायला बोलावता येतं, मात्र इंग्लंडमधल्या बऱ्याच कौन्सिली त्याची फी घेतात. खुपण्यासारखी एक विसंगती उरते. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून स्टिकर दारावर लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये अजून ऐच्छिक. म्हणजे ५ वाला मिरवतो, २ वाला खिडकीत जाहिराती चिकटवतो, आणि प्रामाणिकपणे ४ लावणाऱ्याकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं.

सरकारी शिक्का इतपत बरा. विकत घ्यायच्या बिल्ल्यांची तऱ्हा निराळी. चेकाट्रेडचा जन्म वादळातला. जानेवारी १९९८ मध्ये ससेक्सच्या सेल्सी गावाला टोर्नेडोने झोडपलं, पाठोपाठ भोंदू मिस्त्र्यांची टोळधाड आली आणि त्यातून खात्रीच्या कारागिरांची यादी निघाली. विच?ची अशीच यादी आहे, काही कौन्सिलींच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागांची ‘बाय विथ कॉन्फिडन्स’ आहे. पैकी काहींत तपासणी खरोखर कसून होते. पण सगळ्यांचा पाया एक: यादीत असणारा पैसे भरतो, यादी वाचणारा फुकट वाचतो. जो पैसे भरतो त्याला नाराज करणं यादीवाल्याला परवडत नाही, आणि जो भरत नाही तो कितीही चांगला कारागीर असो, दिसत नाही.

अशा रचनेचं टोक अमेरिकेत पाहायला मिळालं. १९१२ पासूनची परंपरा सांगणारी बेटर बिझनेस ब्युरो ही तिथली सगळ्यात नावाजलेली तक्रार-आणि-मान्यता संस्था. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या काही चिडलेल्या लोकांनी ‘हमास’ या नावाने एका धंद्याचा अर्ज केला, ४२५ डॉलर भरले आणि ‘ए वजा’ श्रेणी पदरात पाडून घेतली. एबीसी वाहिनीने हे दाखवलं. सभासद होताच ‘सी’चे ‘ए अधिक’ झालेले छोटे दुकानदारही दाखवले. मग सभासदत्वाचे जादा गुण रद्द झाले आणि २०१३ मध्ये ती स्थानिक शाखाच संस्थेबाहेर काढली गेली. ब्रिटनमध्ये इतकं उघडंनागडं काही घडल्याचं मी म्हणत नाही. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी शंका प्रत्येक पैसे देऊन मिळणाऱ्या बिल्ल्याबाबत घ्यायला हरकत नसावी.

तक्रारीच्या बाजूला गेलं की चित्र आणखी तुकड्यातुकड्यांचं आहे. २०१४ पर्यंत ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग नावाचं एक कार्यालय होतं. ते बंद झालं, मोठ्या बाजारांची जबाबदारी कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीकडे गेली आणि फोन उचलण्याचं काम त्याआधीच सिटिझन्स ॲडव्हाइसकडे गेलं होतं. मिल्टन कीन्सच्या कौन्सिलचा स्वतःचा ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभाग आहे, पण ग्राहकाची तक्रार तिथे सिटिझन्स ॲडव्हाइसच्या मार्गाने पोचते. देशभर या विभागांचं मनुष्यबळ २००९ नंतरच्या सात-आठ वर्षांत निम्म्याहून खाली आलं. परिणाम दुहेरी झाला. गाशा गुंडाळून नव्या नावाने दुकान थाटणारा लबाड सुटतो, कारण त्याच्या मागे लागायला माणूस नाही. आणि नीट धंदा करणाऱ्याला, ‘माझ्या अटींचा कागद बरोबर आहे का, जरा बघता का?’ असं विचारायला पूर्वी जो ओळखीचा अधिकारी होता, तो उरला नाही.

मधल्या काळात तंटे कोर्टाबाहेर मिटवण्यासाठी २०१५ मध्ये नियम आले. त्यांत एक अजब कलम होतं. तक्रार सुटली नाही तर दुकानदाराने ग्राहकाला मान्यताप्राप्त लवाद संस्थेचं नाव कळवायचं आणि त्याच पत्रात आपण त्या संस्थेकडे जाणार आहोत की नाही तेही सांगायचं. बहुतेकांनी वर्षानुवर्षं नाव लिहिलं आणि खाली ‘जाणार नाही’ असंही लिहिलं. कायदा पाळला गेला, तंटा होता तिथेच राहिला.

जिथे जावंच लागतं तिथे खर्च बोचतो. जुन्या गाड्या विकणारा गिऱ्हाइकाला कर्ज मिळवून देत असेल तर तो वित्तीय नियमनाखाली येतो आणि त्याच्याविरुद्धची तक्रार फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाऊ शकते. वर्षाला पहिल्या तीन तक्रारी मोफत. पुढच्या प्रत्येकीला २०२४-२५ मध्ये ६५० पौंड, आणि तेही धंदेवाल्याने भरायचे, तक्रार फेटाळली गेली तरीही. साहजिकच ३०० पौंडांच्या तक्रारीत हुशार माणूस आपली बाजू खरी असूनही पैसे देऊन मोकळा होतो. कार्डाने पैसे घेणाऱ्याची तऱ्हा अशीच. गिऱ्हाइकाने बँकेला फोन केला की रक्कम आधी परत जाते, पुरावे मग मागवले जातात. १०० ते ३०,००० पौंडांच्या क्रेडिट कार्ड खरेदीत तर १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते, म्हणून ती दुकानदाराची कॉलर आणखी घट्ट धरते. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर कलम ७५ हा ब्रिटिश कायद्यातला उत्तम तुकडा आहे, हे मान्य करायलाच हवं.

आता ते तिसरं वाक्य. दुकानदार स्वतः फसला तर? वीज कंपनीने चुकीचं बिल लावलं, कार्ड मशीनवाल्याने पाच वर्षांच्या करारात अडकवलं, नवा ओव्हन आठवड्यात बंद पडला. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टमध्ये ग्राहक म्हणजे प्रामुख्याने आपल्या धंद्याबाहेरच्या कारणासाठी वागणारी व्यक्ती. दुकानदाराने ओव्हन घरी नेला तर त्याच्यामागे सगळा ग्राहक कायदा उभा राहतो. दुकानात नेला तर तो ‘व्यापारी’. त्याच्यात आणि हजार दुकानांच्या साखळीत कायदा फारसा फरक करत नाही.

हा पेच आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि खटला महाराष्ट्रातलाच होता. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि १९९३ च्या दुरुस्तीने त्यात एक मायेची ओळ घातली गेली: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’साठी घेतली असं धरायचं नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्या एका छोट्या उद्योगाने कर्ज काढून लाखो रुपयांचं यंत्र घेतलं, ते सदोष निघालं. राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाची बाजू उचलून धरली. पण निकालात रेघ कुठे मारायची तेही सांगितलं. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः काम करायला लेथ घेणाराही ग्राहक आहे. मोठ्या प्रमाणावर नफ्यासाठी घेणारा नाही. त्या उद्योजकाला न्याय मिळाला नाही असं वाटू शकतं, पण ही रेघ शहाणपणाची आहे आणि ब्रिटिश कायद्याकडे तशी सर्वसाधारण रेघ नाही.

तिथे जे आहे ते तुकड्यांनी आलं. एप्रिल २०१९ पासून ६५ लाख पौंडांहून कमी उलाढालीच्या छोट्या उद्योगांना काही अटींवर फायनान्शियल ओम्बड्समनकडे बँकेविरुद्ध जाता येऊ लागलं. २०२४ च्या अखेरीस एनर्जी ओम्बड्समनचं दार पन्नासहून कमी नोकर असलेल्या धंद्यांना उघडलं. मोठ्या कंपन्या बिलं थकवतात त्यासाठी २०१७ मध्ये स्मॉल बिझनेस कमिशनर हे पद आलं. पहिले कमिशनर पॉल उप्पल हे भारतीय वंशाचे माजी खासदार. या पदाला दंड करण्याचा अधिकार दिला नाही. कमिशनर चौकशी करतो, मत देतो, फार तर कंपनीचं नाव जाहीर करतो. वर्षानुवर्षं ज्या गिऱ्हाइकावर धंदा चालतो त्याचं नाव चव्हाट्यावर आणायला सांगणारा पुरवठादार मिळणं कठीण.

शेवटी इंटरनेटवरच्या अभिप्रायांचे तारे. सगळ्यात जास्त झोप उडवतात ते हेच, आणि त्यांच्याविषयी कायदा सगळ्यात उशिरा जागा झाला. २०२४ च्या डिजिटल मार्केट्स, कॉम्पिटिशन अँड कन्झ्युमर्स ॲक्टने खोटे अभिप्राय लिहिणं आणि लिहवून घेणं बेकायदा ठरवलं. एप्रिल २०२५ पासून कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी कोर्टाची पायरी न चढता जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करू शकते. त्याच वर्षी गूगल आणि ॲमेझॉन या दोघांनी खोट्या अभिप्रायांवर कारवाई करण्याची लेखी हमी या संस्थेला दिली. पण यंत्रणेचा रोख विकत घेतलेल्या पाच ताऱ्यांवर आहे. ‘डब्यात झुरळ निघालं’ असं खोटंच लिहून दिलेल्या एका ताऱ्यावर छोट्या केटररने काय करायचं? ऑथॉरिटी एकेकट्याचं भांडण हाती घेत नाही. संकेतस्थळ तक्रारीचं बटण देतं, उत्तर बहुधा ठरावीक साच्याचं येतं, आणि खुलासा लिहावा तर मूळ शेरा आणखी वर चढेल ही भीती. इथे २१ दिवसांचं अपील नाही आणि त्रयस्थ अधिकारीही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सरकारी इन्स्पेक्टरच्या नावाने बोटं मोडणाऱ्याने दोन यंत्रणा शेजारी ठेवून पाहाव्यात. त्याला ऐकून घेणारी आणि चूक दुरुस्त करणारी निघेल ती सरकारी.

उरतं कोर्ट. सिल्बरी बुलेव्हार्डवर मिल्टन कीन्सचं काउंटी कोर्ट आहे. १०,००० पौंडांपर्यंतचा पैशांचा दावा तिथे छोट्या दाव्यांच्या साध्या पद्धतीने, वकिलाशिवाय लढता येतो, आणि मे २०२४ पासून अशा बहुतेक दाव्यांना आधी मोफत मध्यस्थी सक्तीची आहे. मुंजीच्या पन्नास पानांचे पैसे बुडवणारा यजमान तिथे सापडतो. झुरळाचं खोटं लिहिणारा मात्र सापडत नाही, कारण दोन्ही पक्ष लेखी राजी झाल्याशिवाय अब्रुनुकसानीचा दावा काउंटी कोर्टाच्या अखत्यारीत येत नाही. तो हायकोर्टात करावा लागतो, वर्षाच्या आत करावा लागतो, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे गंभीर हानी दाखवावी लागते. धंदा कंपनीच्या नावावर असेल तर ती हानी गंभीर आर्थिक तोट्याच्या रूपात सिद्ध करावी लागते. शंभर डब्यांची ऑर्डर हातची गेली तर ती ‘गंभीर’ ठरेल का, हे विचारायलासुद्धा आधी वकिलाची फी मोजावी लागते.